सात नंबरची नाडी

हॉस्पिटलात तिला सगळे 'परतबघू बाई' म्हणायचे. यंत्रं सांभाळणारी ती तंत्रज्ञ. वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून डाख द्यायला शिकलेली. नवरा अकाली गेला, तशी पदर खोचून नोकरीला लागली. बावीस वर्षांत एकही यंत्र तिने एकदाच बघून सोडलं नव्हतं.

त्या सोमवारी हृदयरोग्यांच्या वॉर्डात नवी यंत्रं बसली. छातीला चिकटवायची पट्टी, मनगटाला पट्टा, बोटाला चिमटा. रोग्याने खुशाल हिंडावं. त्याची नाडी नि ऑक्सिजन सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसणार.

मोठे डॉक्टर घाईत होते. "बाई, बारा खाटा अकरा वाजेपर्यंत चालू करा. पाहुणे येताहेत बघायला."

"एकेक तपासल्याशिवाय नाही जमायचं, साहेब."

"कंपनीच्या माणसांनी तपासलीत की!"

"यंत्रं तपासलीत. कुणाचं कुणाच्या नावावर दिसतंय, ते कुठे बघितलंय?"

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाईंनी पाऊल मागे घेतलं नाही.

तीन नंबरच्या आजींची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बाईंनी पट्टी अलगद काढून जरा बाजूला लावली. "आजी, आग झाली, खाज सुटली तर लाजायचं नाही. हाक मारायची."

मग प्रत्येक खाटेपाशी बोटाचा चिमटा काढायचा आणि पडद्यावर कोणत्या नंबराचा गजर बोंबलतो ते सिस्टरने ओरडून सांगायचं.

"पाच काढला!"

"पाचच वाजतोय!"

"सहा!"

"सहाच!"

"सात!"

टेबलापाशी सिस्टर पडद्यावर वाकली.

"बाई... नऊ वाजतोय."

उलगडा लगेच झाला. सातचे बसड्रायव्हर आणि नऊच्या मास्तरांनी आदल्या संध्याकाळी खिडकीपायी खाटा बदलल्या होत्या. पट्टे नावं विचारून बांधले, पण कॉम्प्युटरमध्ये खाटा जुन्याच राहिल्या. सातवरच्या माणसाचा जीव घाबरला असता, तर सगळे नऊकडे धावले असते.

डॉक्टरांनी फोन लावून पाहुण्यांना दुपारी तीनला यायला सांगितलं आणि बाह्या सरसावल्या. "नंबर दुरुस्त करा, बाई. पुढचे चिमटे मी काढतो. पहिल्यापासून घेऊ."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात नियम लागला. नवा रोगी आला किंवा कुणी खाट बदलली, की हीच तपासणी. आणि कागदावर बाईंची सही झाल्याशिवाय यंत्र चालू धरायचं नाही.

घरी सासूबाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं. मग डायरीचं कोरं पान पुढे सरकवलं. "कर बघू इथे सही. कशी करतेस ते बघू दे मला."

बाईंनी हसत हसत सही केली. सासूबाईंनी चष्मा लावून ती निरखली, पान फाडलं, नीट घडी घातली आणि चपला अडकवून शेजारणीकडे निघाल्या.