छतावरचं झाकण

आमच्या गाडीच्या छताला एक चौकोनी भोक आहे. ते अब्बांनीच पाडलेलं आहे, हवा यावी म्हणून. त्यावर ॲक्रिलिकचं पारदर्शक झाकण आहे. मागच्या चैत्रात माझं कॉलेज त्या झाकणावर अडलं होतं. हे वाचताना विचित्र वाटेल, पण मला ते दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं सांगता येत नाही.

गाडी म्हणजे भंगारात निघालेली जुनी ॲम्ब्युलन्स. अब्बांनी ती घेऊन आत दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या दांड्या बसवल्या, मागे फळीचा पलंग केला आणि पलंगाखाली छोटी शेगडी ठेवली. आम्ही बीडचे मनियार, बांगड्या विकणारे. गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की अब्बा आणि अम्मी त्या गाडीतच दुकान मांडतात, तिथंच रांधतात, तिथंच झोपतात. रस्त्यावर लोक अजूनही घाईनं बाजूला होतात आणि मग काचेतून हिरव्या बांगड्या दिसल्या की शिव्या देतात.

अब्बांच्या हाताला काही वर्षांपासून कंप आहे. गाडी ते चालवतात, पण कुणाच्या हातात बांगडी भरणं त्यांना जमत नाही. ते काम अम्मीचं. आणि अम्मीला दमा आहे.

त्या मोसमातल्या पहिल्याच जत्रेत अवकाळी पाऊस आला. झाकणाच्या कडेनं पाणी गळत राहिलं आणि अम्मी ओल्या गादीवर पडून राहिली. तिला परत आणलं ते सरळ दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं, ओल नको, उग्र वास नको.

घरी आल्यावर अब्बांनी ओली गादी उन्हात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या जत्रांना तू चल. अम्मीला घरी राहू दे. परीक्षा काय, पुढल्या साली पण हाय."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पुढल्या साली म्हणजे काय ते मला कळत होतं. माझ्या चुलत बहिणीचं पुढलं साल अजून आलेलं नाही.

अम्मी खाटेवरूनच म्हणाली, "ती न्हाई येणार. तुमी छत नीट करा, मी येते."

"आन् गळलं तर?"

"गळलं तर तिला ठेवा, मला एसटीनं पाठवा."

असं ठरलं. दोघींच्या पिशव्या गाडीत जाणार आणि एक परत येणार. छत नीट करायचं काम माझ्याकडे आलं, कारण अब्बांच्या हातून कडेला सरळ रेघ निघत नव्हती.

हार्डवेअरच्या दुकानात मला गाडीच्या काचा बसवायचं काळं सिलंट दाखवलं. मी टोपण उघडून वास घेतला आणि परत ठेवलं. तो वास अम्मीच्या उशाशी रात्रभर राहिला असता. पंक्चरच्या सोल्युशनचंही तेच. मग मला आमची ग्लू गन आठवली. बांगड्यांवर आरसे आणि कुंदन चिकटवायला ती आमच्या घरात कायम असते, माझ्या बोटांवर तिचे जुने डागही आहेत. वास जवळजवळ नाही, आणि क्षणात घट्ट. आमच्याकडे खेळण्यापासून चपलेपर्यंत जे तुटेल ते तिनंच जोडलं जातं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

सकाळी गल्लीतल्या सावलीत मी झाकणाच्या चारही कडांना गरम गोंदाची जाड रेघ ओढली. थंड झाल्यावर अब्बांनी वरून बादली ओतली. आत एक थेंब नाही.

"वा, इंजिनेर!" अब्बा म्हणाले.

"मी बी.एस्सी. करते, अब्बा."

"तेच ते."

दुपारच्या आत आम्ही निघालो. जत्रा चौसाळ्याच्या पुढच्या एका गावात होती. अब्बा पुढे, अम्मी आणि मी मागे पलंगावर. मांजरसुंब्याचा घाट ओलांडला तेव्हा ऊन असं होतं की छताच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मी हात लावला, कारण मला झाकणाची कड जराशी सरकल्यासारखी वाटली. गोंद बोटाला चिकटून तारेसारखा लांब आला. तेव्हा कुठे मला कळलं. गल्लीत सावली होती. इथे पत्रा तव्यासारखा तापला होता. जो गोंद तापवून वितळवतात तो तापल्यावर वितळणारच. बांगडीवर त्याला असा पत्रा कधी भेटला नव्हता.

"अब्बा, हळू घ्या!" मी ओरडले.

त्यांना ऐकू गेलं नाही. समोरून एक ट्रक जोरात गेला, वारा आत घुसला, झाकण वर उचललं गेलं आणि तिरकं होऊन आत आपटलं. एका दांडीवरच्या बांगड्या पलंगावर, अम्मीच्या ओढणीवर, सगळीकडे. अम्मीला लागलं नव्हतं. ती छातीवर हात ठेवून बसली होती आणि मी तिचा श्वास ऐकत होते.

अब्बांनी गाडी कडुनिंबाखाली घेतली आणि मागचं दार उघडलं. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. अब्बांनी आत बघितलं आणि म्हणाले, "फुटल्या सगळ्या."

मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

पश्चिमेला ढग जमत होते. ग्लू गन पिशवीत होती, पण तिथे वीज नव्हती, आणि असती तरी काय. अब्बा म्हणाले, "चौसाळ्यातून एसटी भेटेल. अम्मीला बसवू."

"चौसाळ्यात हार्डवेअरचं दुकान पण असेल," मी म्हणाले.

अम्मी म्हणाली, "आधी दुकान. एसटी काय पळून चालली?"

झाकण हातांनी धरून मी चौसाळ्यापर्यंत उभी राहिले. दुकानदाराला मी सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. वास नको, वाळायला वेळ नाही, पत्रा तापलेला, पाऊस येतोय.

"मग गोंद काहून मागता?" तो म्हणाला. "गळक्या पत्र्याला लावतात ती पट्टी घ्या. आतून डांबरी, वरून चंदेरी. पण खाली धूळ न्हाई पायजे आन् तेल न्हाई पायजे. धूळ राहिली की उपटली म्हणून समजा."

अम्मीला समोरच्या हॉटेलच्या बाकावर बसवलं आणि मी टपावर चढले. जुना गोंद निघेना. पुसावा तितका पसरत होता. खालून अम्मी म्हणाली, "ओलं फडकं ठेव की गं, थंड होऊ दे." ओल्या फडक्यानं तो पुन्हा कडक झाला आणि नखांनी सालीसारखा निघाला. राहिलेला चिकटपणा काढायला आमच्याच गाडीतल्या मालातली नेलपॉलिश काढायची बाटली घेतली आणि कापसाचा बोळा त्यात भिजवला. पत्रा लखलखीत झाला. तोच बोळा मी झाकणाला लावला आणि त्यानं ॲक्रिलिक विरघळून कोपरा दुधासारखा पांढरा पडला.

"काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"काही नाही." तो कोपरा मी अंगठ्यानं दाबून बघितला. तडा नव्हता. झाकणाची बाकीची कड मी नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसली.

पट्टी लावायला दोघांची गरज होती. अब्बा टपाच्या कडेला उभे राहून झाकण दाबून धरत होते. त्यांचा हात थरथरत होता, झाकण हलत होतं. शेवटी त्यांनी स्वतःच हात काढला आणि कोपर टेकवून सगळा भार त्यावर दिला. झाकण स्थिर झालं. मी अर्धी पट्टी झाकणावर, अर्धी पत्र्यावर घेत गेले आणि वाटीच्या बुडानं घासत गेले. तापलेल्या पत्र्यावर डांबर असं बसलं की एक कोपरा चुकला तो परत उचलता आला नाही. त्यावर दुसरा तुकडा लावला.

पाणी ओतून बघायला वेळ नव्हता. वारा सुटला होता.

संध्याकाळी जत्रेत गाडी लावून दार उघडलं तोच पाऊस आला, गारांसकट. बाहेरच्या बायका आत घुसल्या. अम्मी पलंगावर बसून एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरत होती. वर ताशा वाजावा तसा आवाज. नवरी घाबरून वर बघत होती, मीही वर बघत होते, दारातून अब्बाही.

"हात ढिला सोड गं," अम्मी म्हणाली. "ताठ धरला की दुखतो."

झाकणातून काही आलं नाही. पण मागच्या दाराच्या जुन्या रबराखालून पाण्याची एक धार आत आली आणि फळीवरून पलंगाच्या पायापर्यंत गेली. अब्बांनी ती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. गळलं तर, असं ठरलेलं होतं, आणि हे गळणंच होतं. मी माझ्या पिशवीकडे बघत नव्हते.

अब्बांनी खांद्यावरचा पंचा काढला, गुडघ्यावर बसून दाराच्या फटीत कोंबला आणि बराच वेळ तिथंच राहिले. उठताना म्हणाले, "दाराचं मी बघतो. ते तुझ्याकडं न्हवतं."

अम्मीनं वर बघितलं नाही. शेवटची बांगडी मनगटावर सरकवली आणि नवरीच्या हातावरून एकदा हात फिरवला.

गादी कोरडी होती. सकाळी अम्मीचा श्वास साधा होता, मी तो झोपेतून उठल्या उठल्या ऐकला. अब्बा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. बीडची एसटी दिसल्यावर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, मग परत घेतली, आत हात घालून ग्लू गन काढली.

"ही राहू दे हितं," ते म्हणाले. "आरसे निघालेत बांगड्यांचे."