पंधरा मिनिटांचं जॅकेट

त्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणारे दोनशे होते आणि उसवणारी एकटीच. माणसं जन्मभर शिवायला शिकतात, आणि या बाईंना पन्नाशी उलटल्यावर उसवण्याची नोकरी मिळाली, याची सगळ्या मजल्याला गंमत वाटायची. "काकू, तुमच्याजवळ बसायची भीती वाटते हो, आमची जमलेली लग्नंसुद्धा उसवाल," असं बटणं लावणाऱ्या पोरी म्हणायच्या. काकू हसायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. "डबा खाल्लास का?" एवढं विचारायच्या आणि उत्तर ऐकायला न थांबता पुढे जायच्या.

पूर्वी त्या अशा नव्हत्या. पूर्वी त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. साहेबांच्या टकलावर त्यांनी केलेला एक विनोद जुन्या बायका अजून कुजबुजत सांगतात, तो इथे लिहिण्यासारखा नाही. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्यांना मुलगा झाला, आणि तो चौदा वर्षांचा असताना रस्त्यावर एका ट्रकखाली गेला. याला पाच वर्षं झाली. काकू पंधरा दिवसांनी कामावर आल्या, मशीनवर बसल्या आणि पूर्वीइतकेच नग काढू लागल्या. त्या रडल्या असत्या तर लोकांची सोय झाली असती, रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवता येतो. काकू रडत नव्हत्या. त्यांना काही वाटतच नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

घरी त्या आणि मास्तर, दोघंच. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. ते त्याच कारखान्यात सॅम्पलच्या टेबलावर होते. कोणताही नवा कपडा हजारोंनी शिवायचा तर त्याचा पहिला नग मास्तरांनी शिवायचा आणि तो समोर ठेवून बाकीच्यांनी शिवायचं, अशी बत्तीस वर्षांची पद्धत. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं म्हणतात. यांच्या घरातली भांडी एकमेकांना वाट सोडून चालायची. "दूध संपलंय." "आणतो." "छत्री घ्या." "घेतली." एवढ्यावर दिवस सरायचा. भांडण कधीच नव्हतं, कारण भांडायलासुद्धा अंगात थोडी ऊब लागते.

अशात कारखान्यात मानकं आली. मानकं म्हणजे नियमांचं एक जाडजूड बाड, आणि ते बाड छातीशी धरून आलेल्या एक मॅडम. मॅडम वयाने लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी सगळ्यांना उभं करून समजावलं की, यापुढे कपडा शिवायच्या आधीच त्याच्या शेवटाचा विचार करायचा. जुना झालेला कपडा कचऱ्यात जाता कामा नये; त्याचं कापड सुटून पुन्हा नव्या कपड्यात आलं पाहिजे. म्हणून सुती कापडाला धागा सुती, लेबलही सुतीच. बटणं फिरवून काढता येतील अशी. अस्तर चिकटवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणत्याही साध्या कामगाराला, साध्या हत्याराने, कापडाला कात्री न लावता, सबंध जॅकेट पंधरा मिनिटांत उसवता आलं पाहिजे.

"आणि धुण्यात उसवलं तर?" कोणीतरी विचारलं.

"पन्नास धुण्यांत एक टाका सुटता कामा नये," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे संसार टिकला पाहिजे आणि काडीमोडही झटपट झाला पाहिजे," इस्त्रीवाला म्हणाला, आणि सगळा मजला खो खो हसला. मॅडमही हसल्या. मास्तर तेवढे खाली मान घालून आपल्या कैचीचा स्क्रू आवळत राहिले.

उसवून बघायला माणूस हवं होतं. काकूंचं मनगट मशीनवर दुखायला लागलं होतं, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं. जिन्याखालची एक छोटी खोली, एक टेबल, एक दिवा, चिमटा, उसवायचं छोटं पातं आणि भिंतीला टांगलेलं स्टॉपवॉच. आलेला कपडा उसवायचा, तुकडे नीट रचायचे, वेळ लिहायची. काकूंना हे काम चांगलं जमलं. त्यात बोलावं लागत नव्हतं.

घोळ मास्तरांचा होता. मास्तरांचा नावलौकिकच असा की, त्यांनी शिवलेला कपडा एक वेळ फाटेल पण उसवणार नाही. शिवणीच्या टोकाला आले की ते थांबायचे, धाग्याचं टोक सुईने मागे ओढून दुहेरी गाठ मारायचे आणि ती गाठ दुमडीच्या आत ढकलून द्यायचे. बाहेरून शोधून सापडायची नाही. आता मॅडमना हवा होता साखळीचा टाका. त्यात एका टोकाचा धागा ओढला की अख्खी शिवण सर्रकन सुटते, पण टोक मोकळं असलं तरच. गाठ मारली की साखळी तिथेच अडली.

साहेबांनी मास्तरांना बोलावून आडपडदा न ठेवता सांगितलं. "मास्तर, तीन जॅकेटं शिवा. पास झाली तर टेबल तुमचं, निवृत्तीपर्यंत कोणी हात लावणार नाही. नाही झाली तर टेबलावर शिकून आलेली नवी बाई बसेल आणि तुम्ही पॅकिंगला जाल." निवृत्तीला तीन वर्षं होती. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभं राहून पिशव्यांवर लेबलं चिकटवायची. बत्तीस वर्षं ज्याच्या हाताकडे बघून कारखाना शिवत होता त्याने लेबलं चिकटवायची! मास्तर "बरं" म्हणाले. घरी त्यांनी हे काकूंना सांगितलं तेव्हा काकूही "बरं" म्हणाल्या.

आठवड्याने तीन जॅकेटं जिन्याखालच्या खोलीत आली. शिवणाऱ्याने स्वतः उसवू नये, असं मॅडमच्या बाडात स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्या बायकोने उसवू नये असं लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या स्वप्नात तरी हे कशाला येईल?

पहिलं जॅकेट काकूंनी अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत उसवलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. दारात उभ्या असलेल्या पोरी "मास्तर पास, मास्तर पास" करत मजल्यावर पळाल्या. साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर थाप मारली. मास्तरांचा चेहरा त्या दिवशी जरा सैल दिसला, एवढं काकूंच्या लक्षात आलं.

मॅडम दुसऱ्या कामाला गेल्या आणि काकूंनी दुसरं जॅकेट घेतलं. डाव्या बाहीची शिवण संपते तिथे त्यांचं पातं सरळ दुमडीच्या आत गेलं, गाठ उचलली, कापली, धागा ओढला. उजव्या बाहीला तेच. कॉलरला तेच. बगलेखाली आल्यावर त्या थांबल्या. गाठ? साखळीच्या टाक्याला गाठ कशी? त्यांनी उसवलेले तुकडे उलटे करून दिव्याखाली धरले. प्रत्येक शिवणीच्या टोकाला कापलेली गाठ अडकून होती, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी दुहेरी. पहिल्या जॅकेटातही असणारच. आपण त्या न बघताच काढत आलो, हे काकूंना तेव्हा कळलं. डोळे मिटून जिना उतरावा तसा त्यांचा हात त्या गाठींवरून उतरला होता.

तिसरं जॅकेट त्यांनी स्वतः उसवलं नाही. बटणवाल्या पोरींपैकी सर्वांत चलाख होती तिला बोलावलं, चिमटा हातात दिला आणि स्टॉपवॉच दाबलं. पोरीने धागा ओढला, तो अडला. दुसरीकडून ओढला, तिथेही अडला. तिला घाम फुटला. "काकू, हे काय जॅकेट आहे की तिजोरी?" अडतीस मिनिटं लागली आणि कॉलर फाटली ती वेगळीच.

आता काकूंनी गप्प बसायला हरकत नव्हती. तिसऱ्या रकान्यात साडेअकरा मिनिटं लिहिली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मास्तरांचं टेबल राहिलं असतं. त्या गाठीसकट हजारो जॅकेटं शिवली गेली असती, आणि काही वर्षांनी कुठल्यातरी शेडमध्ये कुठल्यातरी बाईने वैतागून त्यांना कात्री लावली असती. त्या बाईचा काकूंना कळवळा आला, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. त्यांना त्या बाईचं काही वाटलं नाही आणि त्या क्षणी मास्तरांचंही वाटलं नाही. खोटं लिहायला जीव लागतो, आणि तेवढा जीव त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी अडतीस लिहिलं.

मॅडम कागद घेऊन धावत आल्या. "काकू, तुम्हाला अकरा मिनिटं आणि तिला अडतीस?"

"माझी वेळ धरू नका. यांचा हात मला ठाऊक आहे."

"अहो, पण… हे तुमच्या घरचंच ना?"

"घरचंच."

मॅडम बराच वेळ बाडाकडे बघत राहिल्या, जणू त्यात यावर काही नियम सापडेल. मग हळूच म्हणाल्या, "मी एकदा मास्तरांना दाखवते." त्यांनी उसवलेले तुकडे उचलले आणि सॅम्पलच्या टेबलावर नेऊन ठेवले. मास्तरांनी एकेक तुकडा उलटा करून बघितला आणि आपली कैची खणात ठेवली.

सोमवारी ते पॅकिंगला गेले.

मजल्यावर आग लागल्यासारखी बातमी पसरली. सख्ख्या नवऱ्याच्या पायावर धोंडा पाडला, असं एकीने काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. दुसरी म्हणाली, बाईला काळीजच नाही. काकूंनी दोन्ही ऐकलं आणि दुसरीचं त्यांना पटलं. संध्याकाळी नवरा-बायको नेहमीसारखे बरोबर घरी आले. "पाय दुखतात?" "थोडे." मंगळवारीही तसंच. मास्तर रागावतील, निदान ताट तरी सरकवतील, याची काकू वाट बघत होत्या. मास्तरांनी ताट धुऊन पालथं घातलं.

बुधवारी घरी आल्यावर काकूंनी चहा केला. मास्तर खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. बोटांना लेबलांचा डिंक लागला होता, तो ते खरवडत होते.

"मला वाटलं होतं मी गाठी मारल्याच नाहीत," ते अचानक म्हणाले. "देवाशपथ सांगतो. तुकडे उलटे केले तेव्हा कळलं. हात माझ्या नकळत मारत गेला."

"हं."

"पण तुला कशा सापडल्या? मला स्वतःला शोधाव्या लागतात कधीकधी. अकरा मिनिटांत तू… कशा सापडल्या गं?"

काकूंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की, उत्तर द्यायचं तर जे पाच वर्षं या घरात कोणी उच्चारलं नाही ते उच्चारावं लागेल. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. तो त्यांना गोड लागला की अगोड, कळलं नाही.

"त्याच्या पँटी," त्या म्हणाल्या.

मास्तरांची बोटं थांबली.

"दर वर्षी तुम्ही शिवायचे, आणि दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मी उसवायची. वाढायचा ना तो. आत ठेवलेलं कापड सोडायची मी, मग तुम्ही पुन्हा शिवायचे. आठ-नऊ वर्षं तेच केलं. हाताला पाठ झालं ते."

"गाठ मी त्याच्यापायीच दुहेरी केली," मास्तर म्हणाले. "कुंपणांवर चढायचा. म्हटलं, वर्गात शिवण उसवली तर पोरं हसतील त्याला." ते पुन्हा डिंक खरवडू लागले. "आधी मी एकेरीच मारायचो. तुला नसेल आठवत."

"आठवतं."

पुढचं बोलायचं काकूंनी ठरवलं नव्हतं. ते आपोआप बाहेर आलं. "शेवटची मी उसवलीच नाही. शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते, म्हटलं उद्या करू. कपाटात आहे, खालच्या कप्प्यात. आत अजून दोन बोटं कापड आहे."

मास्तरांनी मान हलवली. "दोन नाही," ते म्हणाले. "तीन. त्या वर्षी मी तीन बोटं ठेवली होती. उंच होणार होता तो."

काकूंनी कप खाली ठेवला. पाच वर्षं जिथे काहीच नव्हतं तिथे दुखायला लागलं होतं, आणि ते इतकं दुखत होतं की त्यांना मास्तरांचा डिंकाने चिकट झालेला हात धरावा लागला.