चवीपुरता पिवळा

आमचे अण्णा पेंटर. नळदुर्गच्या हायवेवर थांबणाऱ्या ट्रकांच्या पाठीवर त्यांनी चाळीस वर्षं मोर, कमळं आणि 'हॉर्न प्लीज' काढले. बारीक अक्षराला ब्रशचं टोक हवं असलं, की ब्रश चिंधीला पुसायचा आणि ओठांत धरून फिरवायचा, ही त्यांची पद्धत. म्हणजे ऑइल पेंट जेवढा छातीत गेला, तेवढाच पोटातही गेला असणार. खोकला हटेना म्हणून त्यांना सोलापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. ब्रश ओठांत धरतात हे ऐकल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे रंग आणि हे टर्पेंटाइन आजपासून बंद. जीव हवा असेल तर."

आईनं त्याच दिवशी सगळे डबे भंगारात घातले आणि अण्णा गप्प झाले. खोकला कमी झाला, पण त्याबरोबर माणूसही कमी झाला. जेवताना ताटात बोटानं अक्षरं गिरवायचे आणि भाकरी अर्धी टाकून उठायचे. रंगानं जे झालं नाही ते आता रंगावाचून होणार, अशी मला धास्ती बसली.

म्हणून मी सुरक्षित रंग शोधायला निघाले. एका बाटलीवर हिरवंगार पान होतं, पण आत काय घातलंय ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुसरीवर पुढे मोठ्या अक्षरांत 'बिनविषारी' आणि मागे, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, 'तोंडात घालू नये'. आमचे अण्णा तर तोंडातच घालणार! तरी त्यातल्या त्यात नीट माहिती लिहिलेली, पाण्यात कालवायची एक बाटली आणली. अण्णांनी ती हुंगली आणि माझ्या हातात परत दिली.

"रंग डब्यात असतोय बाई. बाटलीत असतंय ते सरबत."

मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, थांबा, तुम्हाला डब्यातलाच देते. जे तोंडात जाणारच आहे ते स्वयंपाकघरातलंच का असू नये? पिवळ्याला हळद. हळदीत पानाचा चुना कालवला की लाल. काळ्यासाठी करवंट्या जाळून वस्त्रगाळ केल्या. तुळजापूर जवळ असल्यावर नारळाला काय तोटा? रंग धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक, आणि चकाकी यावी म्हणून चमचाभर गूळ. दुकानातून कोरे पत्र्याचे डबे मागून आणले, त्यांवर इंग्रजी अक्षरांची लेबलं चिकटवली आणि अण्णांसमोर नेऊन ठेवले.

"वास काढलेला ऑइल पेंट आहे अण्णा. नवीन निघालाय. बघा तुम्हाला जमतो का."

अण्णांनी फळीवर एक रेघ ओढली. ब्रश चिंधीला पुसला, ओठांत धरला आणि जरा थांबले. 

"चालतंय," म्हणाले.

त्या रात्री ते दोन भाकरी जेवले. मी स्वतःवर इतकी खूश होते की आईनं "महिन्याची हळद आठ दिसांत कशी संपली गं?" म्हणून विचारलं, तेव्हा "आमटी फिकी होत होती" असं बिनदिक्कत ठोकून दिलं.

समोरच्या टेलरचाचांचं दुकान म्हणजे अण्णांच्या गप्पांचा अड्डा. पहिला बोर्ड त्यांचाच झाला: पिवळ्या अक्षरांत 'लेडीज टेलर', खाली काळी सावली. पंधरा दिवसांत उन्हानं हळद उडाली आणि 'लेडीज' फिकट पडल्या. मी घाबरले, पण अण्णा स्वतःच चाचांना म्हणाले, "ऊन लई कडक हाय यंदा. दुसरा हात मारतो." दुसरा हात झकास चमकावा म्हणून मी गूळ चमचाभराच्या जागी मूठभर घातला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी चाचा दारात.

"पेंटर, चल बग जरा. तुझ्या अक्षरावर मुंग्यांची लाईन लागलीय. लोकं कापड टाकायला न्हाय, मुंग्या बगायला उभी ऱ्हायल्यात!"

आम्ही गेलो. काळ्या मुंग्या 'ले'ची मात्रा चढून 'डी'च्या वेलांटीवरून शिस्तीत उतरत होत्या. चाचा पोट धरून हसत होते. मला मात्र धरणी दुभंगावी असं झालं होतं. आता लबाडी उघडी पडणार, अण्णा ब्रश फेकणार आणि पुन्हा ताटात अक्षरं गिरवत बसणार.

अण्णांनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि ते चाखलं.

"गूळ लई झालाय गं. मागल्या खेपेला बराबर व्हता."

मागल्या खेपेला? रंग ओठांत जाणार याचा मी इतका विचार केला होता. तोंडात जीभही असते, एवढंच राहून गेलं होतं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"चाळीस वर्सं रंग चाखलाय म्या. हळद वळखू येत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस. मंग म्या काय केलं असतं?"

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आवरेना. चाचांनी ओल्या फडक्यानं मुंग्या झटकल्या. अण्णा घरी गेले, कपाट भिंतीपासून जरा ओढलं आणि मागून ऑइल पेंटचा एक डबा काढून माझ्या हातात दिला. आई डबे टाकत होती तेव्हाच त्यांनी तो लपवला होता. ऱ्हावलं न्हाय तर असावा, म्हणून. झाकणावर बोटभर धूळ होती आणि कड कुठंच उचकटलेली नव्हती.

"मग उघडला का नाहीत?" मी विचारलं.

अण्णांनी ब्रश ओठांत फिरवून टोक केलं.

"तुझा पिवळा तोंडाला बरा लागत व्हता."