घर तुमचं, दार आमचं

घर भाड्याने द्यायचं ठरवलं की घरातलं सामान कमी होत जातं आणि किस्से वाढत जातात. आमच्या देवळीच्या घराचा वरचा मजला लेकीच्या लग्नानंतर रिकामा पडला. "वर पावलं वाजली की मले बरं वाटते," असं मंगला, म्हणजे आमची ही, म्हणाली. मी लगेच जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि दुरुस्त्यांची यादी केली. ती वही आता किश्श्यांनीच भरली आहे!

*

पहिलं काम वायरिंगचं. राजू इलेक्ट्रिशियनने विचारलं, "काका, अर्थिंग कुठं हाय?" मी अभिमानाने हिरवी वायर दाखवली. वायरीमागे तो जिना उतरला, अंगणात गेला आणि थांबला. वायरीचं टोक तुळशीच्या कुंडीत होतं!

"काका, इतके वर्षं तुमाले तुळशीनंच वाचवलं."

खरंच वाचवलं. त्याच दिवशी नवीन अर्थिंग करून घेतलं.

*

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, म्हणून कागद घेऊन गेलो. हवालदाराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "भांडण कायचं झालं?"

"भांडण नाई. भाडेकरू उद्या येऊन राह्यला."

"मग आजच काऊन आले?"

*

तो पहिला भाडेकरू बँकेतला, मूळचा तळेगावचा. मी रोज सकाळी वही घेऊन वर जायचो. नळ गळतो का, खिडकी लागते का, सगळं बघायचो. घरमालकाची जबाबदारीच ना! दोन महिन्यांत त्याने सामान बांधलं.

"काका, घर बेस हाय. पण मी रोज परीक्षा देऊन राह्यलो."

त्या दिवशी मंगला जेवली नाही. "आता पुढचा गेला, तर मीच त्याच्यासंगं जाईन," एवढंच म्हणाली.

*

पुढची आली ती प्रतिभा. दवाखान्यात नर्स. सोबत तिची म्हातारी आई. तिसऱ्या दिवशी दार उघडं दिसलं म्हणून मी वही घेऊन थेट मोरीच्या नळापाशी पोचलो. आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, घर तुमचं हाय. दार आमचं हाय."

मी बाहेर गेलो. कडी वाजवली.

"या, या! चहा घ्या."

इतकी सौम्य शिक्षा मला शाळेतही कोणी केली नव्हती.

*

भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा माझाच नियम. त्यामुळे त्यांचा बुद्धाचा फोटो महिनाभर खुर्चीवर होता आणि पाहुणे आले की आई स्वतः जमिनीवर बसायच्या. हे मंगलाने पाहिलं. खाली येऊन तिने माझ्या हातात हातोडी दिली.

वर जाऊन विचारलं, "आई, खिळा ठोकू का?"

"हे बेस झालं. विचारून आले!"

*

मग प्रतिभाला दवाखान्याचं क्वार्टर मिळालं. रविवारी सामान हलवायचं ठरलं. मंगला दिवसभर वरच्या पावलांकडे कान लावून बसायची.

शुक्रवारी ती नाचणगावला बहिणीकडे गेली आणि इकडे मी न्हाणीत घसरून पडलो. वरच्या मजल्याची यादी चोख होती, खालचं शेवाळ मात्र यादीतच नव्हतं! ओरडलो. प्रतिभा धावत आली, दारात थांबली आणि कडी वाजवली.

"काका, येऊ का?"

"या, या! चहा घ्या!" मी फरशीवरून म्हणालो.

तिने माझा हात पाहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझी जाड पुठ्ठ्याची वहीच हाताखाली घालून ओढणीने घट्ट बांधली. "मोडला हाय, काका. पण वही कामाची निघाली!" दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत ती माझ्याजवळून हलली नाही.

रविवार उजाडला. नाचणगावहून परतलेली मंगला स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. गाडीचा आवाज येतो का, म्हणून मी एकटाच ओसरीवर बसलो होतो.

ओसरीच्या दाराची कडी वाजली. दारात आई. एका हातात कोणता तरी दुसरा फोटो, दुसऱ्या हातात हातोडी.

"भाऊ, वर आणखी एक खिळा ठोकू का?"