मुळासकट तेरडा

आमच्या सोसायटीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर हल्ली प्लास्टिकची पानं आहेत. लांबून हिरवीगार दिसतात. जवळ गेलं की त्यांच्यावर धुळीचा चिकट काळा थर, फटींत गुटख्याच्या पुड्या आणि पालींची घाण. चुकून बोट लागलं तरी मी साबणाने हात धुते. मला त्या पानांची किळस येते, आणि ती लावणाऱ्यांची त्याहून जास्त येते.

त्या भिंतीच्या आतल्या बाजूला माझी आई असते. आम्ही डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला, तळमजल्यावर राहतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई खाटेवर, आणि खोली एवढीशी की खाट त्या भिंतीलाच टेकवावी लागायची. दुपारनंतरचं सगळं ऊन भिंत प्यायची आणि रात्रभर आईवर ओकायची. आई संध्याकाळी तळहात भिंतीला लावून बघायची आणि म्हणायची, "तवा आहे नुसता."

म्हणून सोसायटीने तिथे 'व्हर्टिकल गार्डन' करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. ठाण्याहून कंत्राटदार आला. त्याने लोखंडी जाळीवर कापडी कप्पे टांगले, ठिबकची नळी फिरवली, थंड हवेतली कसलीशी नाजूक झाडं लावली आणि फोटो काढून गेला. चैत्रात पानं करपली. ती जगावीत म्हणून वॉचमनने दिवसभर पाणी सोडलं, तर मुळंच कुजली. मेलेल्या उंदरासारखा वास आईच्या खिडकीतून आत यायचा, वर डास. कारखान्यांकडून येणारा उग्र वास आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळे मुकाट हुंगतात, पण या वासावर मात्र मीटिंग भरली.

मी म्हटलं, जाळी मला द्या. मी कल्याणच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. इथल्या उन्हात आणि इथल्या पावसात जे आपलं आपण उगवतं, तेच लावायचं, एवढं साधं डोकं मी चालवलं. उन्हासाठी कांडवेल आणि गुळवेल, पावसासाठी तेरडा आणि नेचे. बदलापूरच्या पलीकडे मामेभावाचं शेत आहे, त्याच्या बांधावरून रोपं आणि बी आणलं. कप्प्यांतली कुजकी माती उपसताना ओकारी आली, पण उपसली. श्रावणात भिंत गुलाबी-जांभळ्या तेरड्याने भरून गेली. उघडीप होऊन कडक ऊन पडलेल्या एका दिवशी आईने संध्याकाळी भिंतीला तळहात लावला, तो बराच वेळ काढलाच नाही. "गार आहे गं," ती म्हणाली. मला रडू आलं.

सोसायटीला मात्र ते बघवेना. "मॅडम, हे काय रान माजवलंय?" सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून विचारलं. "पाहुणे विचारतात, बिल्डिंग रिकामी केली काय तुमची?" कोणी म्हणालं साप येतील. शेवटी ठरलं, गणपती झाले की भिंत बघायची. नीटनेटकी दिसली तर ठेवायची, नाहीतर प्लास्टिक लावून मोकळं व्हायचं. तेव्हापासून मी रोज शाळेतून आल्यावर पिवळी पानं खुडायचे आणि वेली जाळीत नीट अडकवायचे.

गौरी यायच्या दिवशी मी आईची औषधं घेऊन स्टेशनकडून आले, तर भिंतीपाशी ही गर्दी. रान म्हणणारे सगळे तिथे होते. निम्मी सोसायटी मूळची कोकणातली. त्यांच्या गौरी तेरड्याच्या, आणि तेरडा हवा मुळासकट, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. सेक्रेटरींच्या बायकोने एका हाताने कप्पा धरून दुसऱ्या हाताने रोप ओढलं. कापड टरकन फाटलं. तेरड्यात गुंतलेली गुळवेल खाली आली, तिच्याबरोबर नळी तुटली. पिकलेली बोंडं फुटून बी गटारापर्यंत उडत होतं.

"अहो वहिनी, हे काय करताय?" मी ओरडले.

"अगं, गौरीला मुळासकट लागतो ना! बाजारातला सगळा माना टाकलेला. हा बघ कसा ताजा! हाताला गुण आहे हं तुझ्या." आणि वर उद्या हळदीकुंकवाला यायचं आमंत्रण.

मी गेले. मी शाळेत असताना आईला काही झालं तर असावी म्हणून आमची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते. वाकडं घेऊन चालत नाही. मुखवटा लावलेली, भरजरी साडी नेसलेली गौर उभी होती, आतून माझा तेरडा. तिला मनापासून हात जोडले, तिचा काय दोष? पण त्या घरची करंजी तोंडात घातली नाही. घरी आणून कावळ्यांना घातली.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तेवढेच झाले. गौरी-गणपती गेले आणि मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी मोबाईलवर भिंतीचा फोटो फिरवला. फाटके कप्पे, लोंबणारी नळी. "बघा, ही गावठी झाडं काही टिकत नाहीत."

"तुम्हीच उपटलीत ना?"

"ते देवाचं होतं, मॅडम. त्यात राजकारण नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना बघून मला जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

दिवाळीआधी प्लास्टिक लागलं. उन्हाळ्यात ते तापून जळक्या चपलेसारखा वास सुटायला लागला, तेव्हा मी आईची खाट ओढून खोलीच्या मधोमध आणली. दार आता अर्धंच उघडतं. आईचा हात भिंतीपर्यंत पोचत नाही.

यंदाच्या श्रावणात गटाराच्या कडेने तेरडा उगवला, त्या दिवशी उडालेल्या बियांचा. सफाईवाला खुरपं घेऊन बसला होता. आमच्या खिडकीखाली उभे राहून सेक्रेटरी त्याला म्हणाले, "अरे, तो तेरडा नको काढूस. गौरी येऊ देत, मग उपटू सगळा." आणि खिडकीतून आत बघत, अगदी प्रेमाने, "आजी, यंदा तुमच्याकडेही पाठवतो हां एक जुडी!"

आई छताकडे बघत होती.

"खिडकी लाव," ती मला म्हणाली.

"अगं, उकडेल."

"उकडू दे."