साडूंच्या सूचना आणि सव्वादहाची वेळ

सूचना लिहिणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण वाचणारा चुकला तर स्वतःला दोष देणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे साडू. इचलकरंजीच्या एका माग-शेडमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं नव्या कामगारांना काम शिकवलं. त्यातले निम्मे परमुलखातले. त्यांना साडूंचं मराठी कळत नसे आणि साडूंना दुसरी भाषा येत नसे. तिथं असताना साडूंनी ‘योग्य’, ‘साधारण’ आणि ‘नेहमीप्रमाणे’ हे तीन शब्द कायमचे सोडले. आक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, पाककृतींच्या वहीत ‘मीठ चवीप्रमाणे’ असं होतं. कुणाच्या चवीप्रमाणे, असं साडूंनी विचारलं. गप बसून जेवतो त्याच्या, असं उत्तर मिळालं.

निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातल्या एका लहान कंपनीनं त्यांना बोलावलं. ही कंपनी उलट्या मोजणीची हलती चित्रं करण्याचं साधन बनवते. लग्नाला, सेलला किती दिवस, तास, मिनिटं, सेकंद उरले ते आकडे चित्रात पळताना दिसतात. चित्र माणूस करत नाही, एआय एजंट करतो. ते साधन कसं वापरायचं हे एजंटला सांगणारा मजकूर लिहिण्याचं काम साडूंकडं आलं. आम्ही हसलो, पण साडूंना त्यात नवं काहीच वाटलं नाही. त्यांच्या मते एजंट म्हणजे शेडमध्ये पहिल्या दिवशी आलेला कामगार. त्याला हात आहेत, उत्साह आहे, पण आपली शेड त्यानं पाहिलेली नाही. आणि न कळलेलं तो विचारत नाही, अंदाजानं करून मोकळा होतो.

लिहून झालं की परीक्षेला मला बोलावत. कागदावर आहे तेवढंच मी करायचं, पदरचं काही घालायचं नाही. माझी निवड का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, “पावणं, तुमी हुशारी करत न्हाईसा, म्हणून तुमीच बरं.” हे कौतुक समजून मी चहा घेतला.

त्यांची एक खोड मात्र जगावेगळी. लिहिलेली गोष्ट ते मुद्दाम विसरतात. “लिवलं की डोक्यातनं काढायचं. न्हायतर लिवायचं कशाला?” एकदा चंदगडकडं लग्नाला निघालो आणि गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या सदऱ्यात राहिली. मी त्यांच्याच भरवशावर होतो. आम्ही तिथले काजू घेऊन परत आलो.

गेल्या वर्षी त्यांची एकुलती मुलगी चार वर्षांनी कॅनडातून येणार होती. मुंबईहून गाडी करून सकाळी सव्वादहाला घरी पोचते, असं तिनं साडूंना कळवलं. साडूंनी लगेच एजंटला तारीख आणि वेळ दिली, चित्र करून घेतलं, आक्कांच्या फोनवर चढवलं आणि वेळ कुणाला न सांगताच विसरून गेले. आता घड्याळ बघायचं नाही, चित्र बघायचं. हीच आपल्या मजकुराची परीक्षा. आक्कांना त्या परीक्षेशी घेणं नव्हतं. लेक आली की दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग तिला आत घ्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. चार वर्षं त्या दारातल्या क्षणासाठी थांबल्या होत्या. चित्र मीही तपासलं. मनगटावरचं घड्याळ लावून दहा मिनिटं सेकंद मोजले. एकाचाही फरक नव्हता.

त्या दिवशी सकाळी चित्रात सहा तासांच्या वर वेळ होता, म्हणून आम्ही तिघं मंडईत गेलो. अकराला परतलो तेव्हा चार तास पंचेचाळीस मिनिटं उरली होती आणि मुलगी कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर, बॅगेला टेकून झोपली होती. तिकडचं सिम इथं चालत नव्हतं.

आक्कांच्या हातातली पिशवी खाली गेली. मुलगी उठून पुढं आली, तर त्यांनी तिला हातानंच थांबवलं. “हितंच उभी ऱ्हा. भाकरी न्हाय केलेली अजून.” आणि कुलूप काढून आत धावल्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

बाहेर साडूंनी वही काढली. कुठं चुकलं, असं लेकीला विचारलं. तिनं चित्र पाहिलं, बोटांवर हिशेब केला. “बाबा, वेळ दिलीसा, पण कुठली ते सांगितलं न्हाई. त्यानं जगाचं घड्याळ धरलं. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतंय.”

साडू म्हणाले, “वेळ म्हणजे आपलीच की.”

“मी तिकडं गेल्यापासनं दोन घड्याळं लावून ऱ्हाते बाबा. एक तुमचं.”

साडूंनी वही तशीच मिटली. मी वांग्यांची पिशवी उचलून आत गेलो, कारण सेकंद मीच मोजले होते.

भाकरीचा तुकडा ओवाळताना आक्का रडत होत्या आणि साडूंना बोलतही होत्या. मजकूर साडूंनी दुसऱ्या दिवशी सुधारला: ‘वेळ कोणत्या गावची ते आधी विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय चित्र करू नका.’ कंपनीत ती दोन वाक्यं सगळ्यांना आवडली म्हणे.

तीन आठवड्यांनी मुलगी परत गेली. आता रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. पूर्वी साडू आधी इकडचं पाऊसपाणी सांगायचे. आता पहिलं विचारतात, तुझ्याकडं किती वाजलं. ती सकाळचे साडेसात म्हणते. साडू खिडकीतून बाहेर बघतात, तिथं दिवेलागण होत आलेली असते.

“म्हणजे तुझा आख्खा दिवस हाय अजून,” ते म्हणतात. “आमचा झाला बघ.”