दोऱ्यासकट

"दोरे काढले म्हणजे काय खून केला का मी, आत्याबाई? सांगा ना! काढले, धुतली, पुसली, ओळीनं लावली. कालपासून खपतेय मी!"

सुनेचा आवाज चढला होता आणि डोळे भरून आले होते. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरलेली होती. तिच्यावर त्रेसष्ट बटणं रंगांप्रमाणे ओळीनं मांडली होती. काळी एकीकडे, मग तपकिरी, मग शिंपल्याची, शेवटी दोन लाल. सगळी चकचकीत होती. भोकं रिकामी होती, आरपार चादर दिसत होती.

आत्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी एक बटण उचललं, उलटं केलं, ठेवलं. मग दुसरं. तिसऱ्याला हात लावला नाही.

"दोरे कुठं टाकलेस?"

"कचऱ्यात."

"कचरा?"

"सकाळीच गेला ना गाडीत." सून नाक ओढत म्हणाली. "नवे दोरे घालून देते हवं तर. मॅचिंग. माझ्याकडे पेटीभर आहेत."

खुर्चीत बसून भाजी निवडणारी भावजय, सुनेची सासू, एवढा वेळ गप्प होती, हेच नवल. "बघा, वन्सं," ती म्हणाली, "पोरीनं हौसेनं केलं. तुम्ही अंघोळीला गेलात की डबा उघडायचा, असं दोन दिवस चोरून करत होती, तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायला. आता तुम्ही तिला रडवा. मळके दोरे ते! कुणाच्या गळ्यातले, कुणाच्या ढेरीवरचे! उद्या कॅमेरा लागणार घरात. लोक बघून म्हणाले असते, यांच्या घरात साबण नाही का?"

"त्या टीव्हीवाल्या मॅडमनीच सांगितलं," सून म्हणाली. "फोनवर. जवळून फोटो घ्यायचेत, मळ दिसला तर बघणाऱ्याला कसंसंच होतं, जरा स्वच्छ करून ठेवा म्हणाल्या. मी काय माझ्या मनानं केलं?"

आत्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. भांडायला त्यांना येत नव्हतं असं नाही. चौतीस वर्षं मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात काढलेल्या बाईला भांडता येत नसेल तर कुणाला येणार? पण समोरच्या माणसाला आपलं काय गेलं हेच माहीत नसलं, की भांडण सुरू तरी कुठून करायचं?

धुलाईघरामागे दुरुस्तीची एक खोली होती. एक खिडकी, दोन शिलाई मशिनं, भिंतीला टेकलेलं लांब टेबल. फाटलेल्या चादरी, उसवलेले खिसे, डॉक्टरांचे कोट आणि रोग्यांचे सदरे तिथं यायचे. संध्याकाळी मशिनवाला धुलाईयंत्राची जाळी झटकायचा आणि निघालेली बटणं पत्र्याच्या डब्यात आणून ओतायचा. ज्याचं सापडेल त्याचं आत्या परत लावून द्यायच्या. ज्याचं सापडायचं नाही ते उरायचं. असंच उरलेलं एक बटण त्या एकदा खिडकीशी नेऊन बघत बसल्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं की भोकांत अडकून राहिलेला दोरा बोलतो.

शिंप्यानं लावलेलं असेल तर बटणाखाली दोरा गुंडाळून छोटी मान केलेली असते. कारखान्यातलं असेल तर एक टोक ओढलं की सगळा सुटतो. घरच्या बाईनं घाईत लावलेलं असेल तर पांढऱ्या बटणाला निळा दोरा, कारण सुईत तोच ओवलेला होता. आणि एकट्या पुरुषानं स्वतः लावलेलं असेल तर दोरा आठ-आठ वेळा फिरवलेला आणि गाठ वरच्या बाजूला. हे असं का, ते आत्यांना कळेना. विचारणार कुणाला? घरी विचारलं तेव्हा भाऊ होता अजून. तो म्हणाला, "ताई, तू एखादी सुट्टी घे."

म्हणून त्यांनी पेपरच्या पुरवणीला पत्र लिहिलं. चार ओळींचं. एकटे पुरुष बटण लावताना गाठ वर का मारतात, कुणाला माहीत आहे काय?

पुरवणी सांभाळणाऱ्या बाईंनी ते छापलं. त्याआधी त्यांनी आत्यांना कामावर फोन केला, गाठ वर म्हणजे नेमकी कुठं ते विचारलं, आणि पाऊण तास ऐकून घेतलं. स्वतःकडचं एक अक्षर घातलं नाही, फोटो मागितला नाही. नऊ उत्तरं आली. त्यांतून पुढच्या पंधरवड्याचा प्रश्न त्यांनी निवडला: उतारवयात हात थरथरायला लागला की टाका कसा पडतो? मग त्याची उत्तरं. असं दोन वर्षं चाललं, पानाच्या कोपऱ्यात, चौकटीत, तळव्याएवढ्या जागेत. बाकी जगानं ती चौकट ओलांडून पुढचं वाचलं असेल, पण ज्यांना वाचायचं होतं ते कात्री घेऊन बसायचे.

पुरवणीची पानं कमी झाली तेव्हा पहिली कुऱ्हाड त्या चौकटीवर पडली. बाईंनी जाता जाता एक काम केलं. प्रत्येकाला कार्ड टाकून विचारलं, तुमचा नंबर बाकीच्यांना देऊ का? तेरा जणांनी हो म्हटलं. आत्या चौदाव्या.

फोनवर गट झाला. बंदराच्या गावातले एक निवृत्त शिंपी. तुरुंगाच्या शिवणखात्यात शिकवणाऱ्या एक बाई. एक बस कंडक्टर, त्यांना सीटखाली बटणं सापडायची. दोघी जुळ्या बहिणी, एकाच फोनवरून लिहिणाऱ्या, त्यामुळे कोण बोलतंय ते कळायचं नाही आणि विचारलं तर दोघी रागवायच्या. रीत ठरत गेली. बटणाचा आधी मागचा फोटो टाकायचा. बाकीच्यांनी हात कुणाचा ते सांगायचं, मगच मालकानं तोंड उघडायचं. आणि बटण जपायचं ते दोऱ्यासकट. धुवायचं नाही, टोकं कापायची नाहीत. कंडक्टरांनी गटाचं नावच ठेवलं, दोऱ्यासकट.

भेटले कुणीच नव्हते. भेटायची गरजही कुणी बोलून दाखवली नव्हती.

निवृत्तीनंतर आत्यांच्या वाट्याला घरातली जी वाक्यं यायची, ती हाताच्या बोटांवर मावत. आत्या, दार लावून घ्या. वन्सं, पाणी आलं का बघा. आत्या, माझा चार्जर पाहिलास? वाईट कुणीच वागत नव्हतं. आजारपणात सून उशाशी बसायची, पुतण्या औषधं आणायचा, भावजय तोंडानं फटकळ होती पण ताट वेळेवर वाढायची. फक्त उत्तर ऐकायला थांबायचं कुणी नाही. फोनवर मात्र सकाळी तुरुंगवाल्या बाई लिहायच्या, "हा टाका बघा. तुमच्याशिवाय कुणाला सांगता यायचा नाही." मग आत्या चष्मा पुसायच्या.

पण वर्षभरात गट मंदावला होता. कंडक्टरांना मोतीबिंदू झाला होता. दोघांनी लिहायचं सोडलं होतं. चार-चार दिवस एक फोटो पडायचा नाही. तेराचे पाच व्हायला वेळ लागत नाही, हे आत्यांना कळत होतं. त्यामुळे चॅनेलच्या मॅडमचा फोन आला तेव्हा त्या हो म्हणाल्या. आणखी बटणवेडी माणसं कुठंतरी एकेकटी बसली असतील, ती तरी सापडतील. आणि खरं सांगायचं तर घरातल्यांनी एकदा बघावं, हेही होतं.

मॅडमना सगळी बटणं एकत्र हवी होती. गटात तीन दिवस वाद झाला. पोस्टात हरवली तर? तुरुंगवाल्या बाई म्हणाल्या, बटण घराबाहेर काढायचं नाही. तेव्हा आत्यांनी लिहिलं, "माझ्या शब्दावर पाठवा." मग पाकिटं आली, कुणाची पाच, कुणाची सहा. शिंपीबुवांनी एकच पाठवलं. तपकिरी, चार भोकांचं, साधं. चिठ्ठी नाही.

आता ते तपकिरी ओळीत होतं. कुठलं, ते ओळखणं शक्य नव्हतं. अकरा तपकिरी बटणं होती आणि त्यातली पाच अगदी सारखी.

"त्या मॅडमना फोन लाव," आत्या सुनेला म्हणाल्या.

सुनेनं लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आवाज गोड होता, घाईतही गोड.

"अय्यो, सॉरी हं आजी. पण टेन्शन घेऊ नका. नवे दोरे घालू. पडद्यावर कोणाला कळणार आहे?"

"तेरा जणांना कळेल."

"हो, पण तेराच ना? आपल्याला लाखो लोक बघतात."

"त्यांना बटण म्हणजे बटण," आत्या म्हणाल्या. "त्यांना दाखवायला तुमच्या स्वतःच्या कोटाचं चालेल. माझ्या लोकांबद्दल दाखवायचं म्हणून तुम्ही येताय ना? मग त्यांनाच का बघणाऱ्यांतून वगळताय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "आजी, मी तुम्हाला एक विचारू? आमच्या भागाचा विषयच तो आहे. तुम्हाला एकटं वाटतं, म्हणून तुम्ही हे करता का?"

भावजयीचा भाजीवरचा हात थांबला. सुनेनं खाली बघितलं.

"आमच्या गटाचं नाव काय आहे?" आत्यांनी विचारलं.

"नाव? बटण... बटण ग्रुप ना?"

"उद्या सांगते," आत्या म्हणाल्या आणि फोन सुनेकडे सरकवला. सुनेनं बंद केला. तिलाही नाव माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भावजयीला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. दोन वर्षं त्याच घरात फोन वाजत होता.

आत्या आपल्या खोलीत गेल्या. शिंपीबुवांना लिहावं की बोलावं, यावर त्या पलंगाच्या कडेला बराच वेळ बसल्या. गप्प राहता आलं असतं. नवा दोरा मळवून, चहाच्या पाण्यात बुडवून, जुन्या टाक्यासारखा टाका घालता आला असता. चौदाजणांत तसं करू शकणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्या स्वतः. हा विचार मनात आला याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी नंबर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज ऐकत होत्या. वाटला होता त्यापेक्षा बारीक होता.

त्यांनी सरळ सांगितलं. सुनेवर ढकललं नाही. "माझ्या घरात झालं," म्हणाल्या.

बुवांच्या मागे कुठंतरी नळ चालू होता.

"मी चाळीस वर्षं लोकांना बटणं लावली," बुवा म्हणाले. "माझ्या कोटाचं तुटलं तर मला वेळ नव्हता. बायकोनं लावलं. तिला सुई धरता यायची नाही. वाकडं, सैल, मान नाही, काही नाही. मी हसलो होतो तिला." नळ बंद झाला. "तेवढंच एक होतं तिच्या हातचं. ठेवतो आता."

त्यांनी फोन ठेवला. आत्यांनी मग गटात लिहिलं. काय झालं ते, चार ओळींत. माफी शेवटी एका शब्दात, कारण जास्त लिहिलं तर ती स्वतःसाठी होईल. आणि फोन मांडीवर घेऊन बसल्या.

कंडक्टरांनी लगेच वाचलं, पण लिहिलं काही नाही. एक जण गटातून बाहेर पडला. मग आणखी एक. खिडकीतलं ऊन पलंगावरून जमिनीवर उतरेपर्यंत चौघं गेले. जुळ्या बहिणींनी "अरेरे" एवढंच लिहिलं, आणि ते कुणी लिहिलं ते कळलं नाही. तुरुंगवाल्या बाईंनी लिहिलं, "माझी बटणं पोस्टानं परत नकोत. पोस्टावर माझा विश्वास नव्हताच, तुमच्यावर होता." त्याचा अर्थ काय घ्यायचा हे आत्यांना कळेना. त्यांनी ते तीनदा वाचलं.

बाहेर पुतण्या कामावरून आला होता. हळू आवाजात त्याला सगळं सांगणं चाललं होतं. "बटणांवरून?" तो म्हणाला, आणि सुनेनं "हळू बोल" म्हटलं. थोड्या वेळानं तो दारात आला.

"आत्या, चल चहा घे. ती रडतेय बिचारी. तू एकदा म्हण, जाऊ दे म्हणून."

आत्या उठल्या. टेबलावरची चादर अजून तशीच होती, म्हणून चहा सगळे उभ्यानंच पीत होते. आत्यांनी कप घेतला नाही. कपाटातून कोरी पाकिटं काढली, तेरा. एकेका मालकाच्या यादीवरून बटणं वेचून भरू लागल्या. काही ओळखता येत होती. तपकिरी पाच मात्र त्यांनी वेगळ्या कागदात बांधली. त्यातलं कुठलं बुवांचं, ते बुवांनीच बोटांनी चाचपून सांगायचं. सांगता आलं तर.

"आत्याबाई, मी करू मदत?" सून म्हणाली.

"ही यादी वाच."

सुनेनं वाचायला घेतली. वरच्या ओळीवर गटाचं नाव होतं. ती ते वाचून थांबली, मग पुढची नावं वाचू लागली.

पाकिटं भरून झाली तेव्हा भावजय म्हणाली, "मग आता उद्याचं काय ठरलं, वन्सं? शेजारणीला मी सांगून बसलेय कॅमेरा येणार म्हणून."

"उद्या कुणी येणार नाही," आत्या म्हणाल्या. "मॅडमना फोन करून नाही म्हणून सांगा. सोमवारी सकाळी मी निघते. तेरा घरं आहेत, तेरा गावांत. एकेकाच्या हातात नेऊन देणार. दारातून हाकललं तर पाकीट उंबऱ्यावर ठेवून पुढच्या गावी जाईन. किती दिवस लागतील ते माहीत नाही. तोवर माझ्या वाटणीचं दूध कमी घ्या."